तानूबाईची राखण

तानूबाईला अख्ख्या येलहंक्यात लोक कोंबडीवाली म्हणायचे आणि त्या शब्दाचा तिला भयंकर राग होता. "कोंबडीवाली म्हणजे जी विकते ती. मी काय बाजार मांडलाय?" असं ती तोंडावर विचारायची. खरंच, तिनं जन्मात एक कोंबडी विकली नाही. ती कोंबड्या राखायची. त्या विकायचा किंवा कापायचा हक्क तिला नव्हता, कारण परस तिच्या भावाचं होतं, खुराडं त्याच्या भिंतीला टेकलेलं होतं आणि कोंबड्या ज्या घरचं खरकटं खायच्या तेही त्याचंच होतं. राबणूक तेवढी हिची.

मी लग्न होऊन सत्तावन्न साली बेळगावहून तिच्या शेजारी आले. नवरा रेल्वेत कारकून, सासरे माळकरी. घरात अंड्याचं नाव काढायची सोय नव्हती आणि आमच्या परसाच्या भिंतीपलीकडे दिवसभर कोंबड्यांचा कलकलाट. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं, "त्या भिंतीकडं फिरकायचं नाही." म्हणून दुसऱ्या दिवशी मी गेले.

भिंत मातीची, कमरेएवढी. पलीकडे एक काटकुळी, उन्हानं रापलेली बाई उकिडवी बसून पिल्लांना एकेक करून गुलाबी रंगाच्या पाण्यात बुडवत होती. मी बघतच राहिले. तिनं मान वर न करता विचारलं, "बेळगावची ना तू? तुमच्याकडं घारी नाहीत वाटतं?"

मी म्हटलं, आहेत की.

"मग? घारीला वरनं पिल्लू दिसलं की ती येते. गुलाबी पिल्लू तिनं कधी बघितलेलं नसतंय. स्वल्प विचारात पडते. तेवढ्यात ही पळतात." तिनं एक गुलाबी पिल्लू उन्हात सोडलं आणि ते रागानं अंग झाडत आईकडे पळालं. मला हसू आवरेना. तीही हसली. त्या दिवसापासून ती मला बेळगावची म्हणायची आणि मी तिला अक्का.

तिच्या माहेरच्या लोकांची घराणी तीनशे वर्षांपूर्वी मराठ्यांच्या फौजेबरोबर ह्या कानडी मुलखात आलेली. तिचा थोरला भाऊ विठोजी रेल्वेच्या यार्डात पॉइंट्समन होता, पण बोलायला लागला की काल-परवा घोड्यावरून उतरल्यासारखा बोलायचा. घरात भिंतीवर एक तलवार होती, म्यान गंजून पात्याला चिकटलेलं. तानूबाईचा नवरा लग्नानंतर चार वर्षांत गेला आणि ती कडेवर मुलगी घेऊन भावाच्या दारात आली. भावानं घेतलं. घेतलं हे तो कधी विसरला नाही आणि त्याची बायको पद्मावती कुणाला विसरू देत नसे. न्हाणीघराशेजारची खोली तानूबाईला मिळाली आणि तिच्याबरोबर परसातल्या कोंबड्या.

कोंबडी पाळणं हे काम नाही असं मला वाटायचं. दाणे टाकले, संध्याकाळी डालग्याखाली झाकलं, झालं. भिंतीशी उभं राहून माझा गैरसमज गेला. कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी द्यायची थांबून ती उबवायला बसायची झाली, की तानूबाईचं घरदार बदलायचं. खुडूक कोंबडीसारखं असहाय जनावर नाही. एरवी पंख फडफडवून माळ्यावर जाणारी कोंबडी एकदा रवणावर, म्हणजे उबवायच्या अंड्यांवर, बसली की कोणीही यावं आणि मान धरावी, ती जागची हलत नाही. पिसं फुगवते, गुरगुरते आणि बसून राहते. "हिला पळता येतंय, पण ही पळत नाही," तानूबाई म्हणायची. "म्हणून तिच्या वाटणीचं आपण बघायचं."

तर ती बघायची. फुटक्या रांजणाचा खालचा भाग तिनं खोलीच्या कोपऱ्यात मातीत पुरला होता. त्यात आधी चुलीची राख, वर कडुनिंबाचा पाला, वर गवत. राखेनं पिसवा होत नाहीत. अंडी उन्हाकडे धरून बघायची आणि बाद असतील ती बाजूला काढायची. घुशींची बिळं काचेचे तुकडे घातलेल्या चिखलानं बुजवायची. खुराड्याभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण, वर जुन्या जाळ्याचा तुकडा. दाराला कडी होती तरी तिचं बाजलं दाराला आडवं. रवण बसलं की ती माणसांतून उठल्यासारखीच. कुणाच्या लग्नाला जायची नाही, कुणाच्या मयताला गेली तरी दहन व्हायच्या आत परत यायची.

आणि इतकं करून तिचे शत्रू हे असे होते की कुणावर हात उगारायची सोय नाही. मुंगसाला मारायचं नाही, कारण सकाळी मुंगूस दिसलं की दिवस चांगला जातो. ह्या घरातली माणसं कामाला निघताना मुद्दाम परसात डोकावून बघायची, मुंगूस दिसतंय का. बोक्याला मारलं तर काशीला सोन्याचं मांजर द्यावं लागतं. मागच्या वारुळातला नाग अंडी गिळून जायचा आणि नागपंचमीला पद्मावती त्याच वारुळावर दूध ओतायची. कुत्री खंडोबाची. घारींतली ती तांबूस पांढरी तर साक्षात गरुड, ती झेपावून पिल्लू घेऊन वर गेली की विठोजी गालांवर हात मारून घ्यायचा आणि नमस्कार करायचा. गरुडाच्या पायात आपल्याच परसातलं पिल्लू ओरडतंय, इकडे ह्याचे हात जोडलेले! ज्याला ज्याला कोंबडी खायची होती, त्याला त्याला कुठल्या ना कुठल्या देवानं आधीच पाठीशी घातलेलं होतं. मला संताप यायचा. तानूबाईला सवय झाली होती. ती कुणाला मारायची नाही, फक्त आडवी जायची.

तिची मुलगी सत्यवती होसकोट्याला दिली होती. नाकीडोळी नीटस, पण अंगात रक्त म्हणून नाही. पहिल्यांदा तीन महिन्यांचं गेलं, दुसरं पोटातच मेलं. दोन्ही वेळा सासरीच होती, कारण विठोजीनं आणायचं नाव काढलं नाही. साठ साली दिवाळीला ती आली तेव्हा तिची सासू बरोबर होती आणि ती आमच्या ओसरीपर्यंत ऐकू येईल अशा आवाजात म्हणाली, "पुढच्या खेपेला तुमच्याकडं ठेवून घ्या. बाळंतिणीला महिनाभर कोंबडीचा रस्सा पाजतात, अंडी देतात, तेव्हा ती उठते. आमच्याकडनं दोनदा झालं. आता आईनं काय ते करावं. का मामाच्या जिवावर करणार?"

तानूबाई म्हणाली, "माझ्या हातानं करीन. मामाचं काही नको."

मग भिंतीशी येऊन ती मला म्हणाली, "बेळगावची, ह्या कोंबड्या आता सत्याच्या." तिच्या चेहऱ्यावर मी इतका ठाम भाव आधी कधी बघितला नव्हता. लेकीचं एक बाळंतपण भावापुढे हात न पसरता, आपण राखलेल्या कोंबड्यांवर काढायचं, एवढीच त्या बाईची जगाकडे मागणी होती. मला ती फार मोठी वाटली नाही.

संक्रांतीच्या आधी तिची सगळ्यात चांगली काळी कोंबडी खुडूक झाली. तिच्याखाली निवडून अंडी ठेवली. मुंगूस दोनदा येऊन गेलं, ही काठी आपटत बसली. बोका कौलांवरून उतरला, त्याला पाणी मारून पळवलं. अंड्यांतून आता आठवड्याभरात पिल्लं निघायची, आणि विठोजीचा जावई कोलारहून न कळवता आला.

जावई आला की कोंबडी, ही त्या घराची रीत. तानूबाई त्या वेळी नळावर पाण्याला गेली होती. परसात हिंडणाऱ्या कोंबड्या पद्मावतीच्या हाती लागेनात, कारण कोंबड्यांना पळता येतं. मग तिनं जी पळत नाही ती उचलली.

रवणावरची कोंबडी उठवणं म्हणजे जेवत्या माणसाला पाटावरून उठवणं, असं आमच्याकडे म्हणतात आणि त्यांच्याकडेही तसंच मानत असणार. मी भिंतीवरून ओरडले, "वहिनी, ती खुडूक आहे हो!" पद्मावती म्हणाली, "जावयाला काय सांगू? कोंबडी बसलीय, तू उपाशी ऊठ?" तानूबाई घागर घेऊन आली तेव्हा पिसं उकिरड्यावर पडली होती. ती खोलीत गेली आणि थंड पडलेल्या अंड्यांवर हात ठेवून बसली. नंतर तिनंच मसाला वाटून दिला. जावयानं दोनदा मागून घेतलं आणि "मांस स्वल्प चिवट आहे" असंही म्हणाला.

त्या आठवड्यात ती माझ्याशी बोलली नाही. शुक्रवारी सकाळी मात्र ओल्या केसांनी, कपाळाला भंडारा लावून ती परसाच्या मधोमध उभी राहिली आणि विठोजीला हाक मारून म्हणाली, "अण्णा, मारम्मा माझ्या स्वप्नात आली होती. तिनं विचारलं, माझी कोंबडी कुणी खाल्ली? ह्या सगळ्या माझ्या आहेत म्हणाली."

विठोजीच्या हातातला तांब्या खाली आला. मारम्मा म्हणजे तिथली गावदेवी, अंगावर फोड आणणारी आणि तीच घालवणारी. लहानपणी तो त्या रोगातून वाचला होता, सगळं तोंड वणांनी भरलेलं. त्याचा थोरला भाऊ वाचला नव्हता. तलवारीची फुशारकी सांगणारा तो माणूस त्या एका नावाला लहान मुलासारखा भ्यायचा. त्यानं स्वतः जाऊन देवळातल्या पुजाऱ्याला आणलं. पुजारी परसू म्हणजे जाडजूड, पान खाणारा, गोड बोलणारा माणूस. त्यानं प्रत्येक कोंबडीच्या पायाला हळदीत भिजवलेला दोरा बांधला आणि म्हणाला, "आता ह्या अम्माच्या. अंडीसुद्धा तिचीच हां."

दुपारी मी भिंतीशी गेले. म्हटलं, "अक्का, खरंच स्वप्न पडलं?"

"कसलं स्वप्न? मी डोळाच मिटला नव्हता." ती अगदी हळू बोलत होती. "मुंगसाला देव आहे, बोक्याला आहे, नागाला आहे. माझ्या कोंबड्यांनाच नव्हता. मी बघून दिला."

मला इतका आनंद झाला की भिंतीवरून उडी मारून तिला मिठी मारावीशी वाटली. "आणि सत्या बाळंतीण झाली की?"

"मग अम्मा परत येईल की स्वप्नात. म्हणेल, एक मला दे, बाकीच्या लेकीला घाल. तीही आईच आहे, सरी म्हणेल, बरं म्हणेल." एवढं बोलून ती पुन्हा कुंपणाचे काटे नीट करायला लागली. तिच्या राखणीतली ही एकच बाजू कच्ची होती आणि ती आम्हा दोघींच्याही लक्षात आली नाही.

वर्षभर त्या घरात कुणी कोंबडीकडे वाकड्या नजरेनं बघितलं नाही. जावई आला तर बाजारातून मटण यायचं. पद्मावती अंडीसुद्धा खाईना. खाणारं कुणी नाही म्हटल्यावर तानूबाई एकामागून एक रवण बसवत राहिली. परस भरून गेलं. एकेक कोंबडी अशी तकतकीत, की वाटसरू थांबून बघायचे. विठोजी तर पाहुण्यांना अभिमानानं दाखवायचा, "देवीच्या आहेत. आमच्या घराण्यावर तिची मर्जी." तानूबाई मागं उभी राहून ऐकायची आणि माझ्याकडे बघून हसू दाबायची. तिचे ते दिवस खरोखर सुखाचे होते आणि ते मी बघितले, एवढं तरी बरं.

बासष्टच्या युगादीनंतर सत्यवती बाळंतपणाला आली आणि पंधरा दिवस आधीच बाळंत झाली. मुलगा. बारका पण जिवंत, चांगला रडणारा. सुईणीबरोबर गरम पाणी द्यायला मी होते. तानूबाईनं नातवाला घेतलं आणि इतकी रडली की सुईण रागावली. सत्यवती मात्र पांढरी पडली होती. दूध उतरेना. पद्मावती पातळ सार आणि भात पाठवायची, मी सासूबाईंची नजर चुकवून तूप न्यायची. सुईण म्हणाली, "ह्यानं काय होतंय? कोंबडीचा रस्सा पाजा. दारात एवढ्या आहेत."

तानूबाईनं त्याच दिवशी भावाला सांगितलं, की अम्मा पुन्हा स्वप्नात आली होती.

आणि नेमक्या त्याच दिवसांत येलहंक्याच्या पेठेत दोन घरी माणसं तापानं पडून त्यांच्या अंगावर फोड आले होते. विठोजीची झोप उडाली होती. मारम्माची जत्रा आठवड्यावर आली होती. तो म्हणाला, "तानू, गावात हे असं, घरात ओलं बाळ, आणि देवीचं देणं दारात ठेवून घेऊ? मोकळ्या केल्या म्हणाली? तुला एकटीलाच कसं सांगते ती? परसूला विचारू."

परसूला विचारलं. प्रत्येक कोंबडीमागे पुजाऱ्याचा वाटा असतो, तेव्हा उत्तर काय येणार हे आमच्या गाईलाही सांगता आलं असतं. तो म्हणाला, "अम्मा एकदा घेतलेलं परत देत नाही. तुझी लेक, तुझा नातू आहेत म्हणून तुझं मन मागं येतंय, ते स्वप्न मनाचं. ह्या वर्षी सगळ्या दे, बाळ सुखी राहील."

विठोजी वाईट नव्हता, हे मी आजही कबूल करते, फक्त त्याचा मला राग आहे. तो खरंच भ्याला होता. पण भीतीबरोबर त्यानं शहरातल्या सगळ्या भाऊबंदांना जेवणाचं आवतणही धाडलं. देवळाच्या आवारात कापायला सरकारची बंदी आलेली, म्हणून नैवेद्य दाखवून कोंबड्या घरोघरच्या परसात कापत. ते सगळं भिंतीपलीकडे झालं. सासूबाईंनी आमच्या दारंखिडक्या लावून घेतल्या, मी उघडून उभी राहिले. तानूबाई एकेक कोंबडी पकडून देत होती. दुसऱ्या कुणाच्या हाती त्या लागतच नव्हत्या, तिच्या हाकेला मात्र धावत यायच्या.

शेवटी खोलीतल्या रांजणात रवणावर बसलेली एक तांबडी राहिली. परसूनं आत डोकावून हात झटकला. "रवणावरची नको. तिच्या अंगात ऊन असतंय, अम्माला थंड लागतं. पुढल्या वर्षी बघू." जावयाला चालली, देवीला चालली नाही. मी हे मोठ्यानं म्हणाले, पण त्या गर्दीत कुणी ऐकलं नाही.

अख्खं घर रश्श्याच्या वासानं भरलं. भाऊबंद पंगती मांडून जेवले, ढेकरा दिल्या, घराण्याच्या गोष्टी निघाल्या. आतल्या खोलीत सत्यवतीला तो वास जात होता. विटाळशी बाळंतीण, तिला देवीच्या नैवेद्यातलं चालत नाही. त्या दिवशीही तिला सार आणि भात.

दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवून सगळे आडवे झाले असताना, मी तूप द्यायला गेले. तानूबाई रांजणापुढे बसली होती. तांबडी फुगून बसली होती. तानूबाईनं तिच्या पोटाखाली हात घातला आणि एक अंडं काढून मला दाखवलं. त्याला आतून चोचीचा ठोका पडला होता, बारीक चीर गेली होती. कानाशी धरलं तर आवाज येत होता. तिनं ते परत खाली ठेवलं. मग तिनं कोंबडी उचलली. कोंबडीनं तिला चोच मारली नाही, तिचा हात ओळखीचा होता. मी तोंड फिरवलं.

तिनं ते सगळं न्हाणीघरातल्या चुलीवर एकटीनं केलं. मिरी, आलं, थोडी हळद, तिखट नाही. वाडगा भरून ती आत गेली, मी तिच्या मागं. सत्यवती बाळाला छातीशी धरून बसली होती, ते चोखत होतं आणि काही न मिळून रडत होतं. वास आल्याबरोबर तिनं मान वर केली आणि तिचे डोळे असे चमकले की मला वाटलं, झालं, सगळं वसूल झालं.

"कुठली गं, आई?"

"तू पी आधी."

"परसात एकच राहिली होती." सत्यवतीचा हात मागं गेला. "तिच्या पायाला दोरा होता ना?"

"सते, तो दोरा मीच बांधायला लावला." तानूबाई तिच्यापुढे गुडघ्यांवर बसली. "स्वप्न नव्हतं पडलं. कधीच नव्हतं. हे लोक खाऊन टाकत होते म्हणून मी बोलले. ह्या तुझ्याच कोंबड्या आहेत, सगळ्या तुझ्यासाठी राखल्या होत्या. ह्या बेळगावचीला विचार."

मी म्हटलं, "खरं आहे, सत्या. पी."

तिनं माझ्याकडे बघितलंच नाही. ती आईकडे बघत होती आणि बघता बघता बाळाला घट्ट, आणखी घट्ट धरत होती. "अम्माच्या नावानं खोटं बोललीस? गावात ती आलीय, आणि तिच्या नावानं? दोन गेली माझी. आता हा. आणि त्या कोंबडीचं मला पाजतेस? माझ्या दुधातनं ह्याला?"

"अगं, तुझ्यासाठीच."

"मला नको. घेऊन जा. बाहेर घेऊन जा ते."

ती ओरडली तशी पद्मावती उठून आली, मग विठोजी. काय झालं ते सत्यवतीनंच रडत रडत सांगितलं. विठोजीनं बहिणीवर हात टाकला नाही. त्यानं तिथंच जमिनीवर डोकं टेकलं आणि मारम्माची क्षमा मागू लागला, घरातल्या प्रत्येकाचं नाव घेऊन, तानूबाईचं सोडून. वाडगा तिच्या हातात तसाच होता.

बारशापर्यंत थांबायचं होतं, पण सत्यवतीनं निरोप धाडून नवऱ्याला बोलावून घेतलं आणि ती होसकोट्याला गेली. जाताना आईच्या पाया पडली नाही. सासूनं दाई लावली, बकरीचं दूध सुरू केलं. पोरगा जगला. नुसता जगला नाही, चांगला धष्टपुष्ट झाला. तो मेला असता तर पाप तानूबाईचं ठरलं असतं, आणि तो जगला म्हणूनही तिचंच ठरलं. सत्यवती सगळ्यांना सांगायची, "मी तो घोट घेतला नाही, म्हणून हा राहिला." ह्यावर तानूबाईला कुठं दाद मागता येणार होती?

पेठेतल्या बायका तिच्या सावलीला उभ्या राहीनात. विठोजीनं तिला घराबाहेर काढलं नाही, फक्त तिच्याशी बोलणं टाकलं. तिनं पुढे पुन्हा दोन-चार कोंबड्या धरल्या. काटे लावले, बिळं बुजवली, रवणं बसवली. आता जावई आला की पद्मावती हवी ती उचलायची आणि तानूबाई "ती नको, ही ने" एवढंसुद्धा म्हणायची नाही.

सत्यवती दर वर्षी मुलाला घेऊन जत्रेला यायची, आईच्या खोट्याचं प्रायश्चित्त म्हणून मारम्माला एक कोंबडी द्यायला. मामाकडे जायची नाही, पाण्याला आमच्याकडे थांबायची. पहिल्या वर्षी ती बाजारातली एक मरतुकडी कोंबडी घेऊन आली होती. दुसऱ्या वर्षापासून जत्रेच्या आदल्या दिवशी तानूबाई भिंतीवरून एक कोंबडी माझ्याकडे द्यायची, कळपातली सगळ्यात चांगली. "बाजारातनं घेतली म्हणून सांग," म्हणायची. मी तसं सांगायची. सत्यवती कोंबडीचं वजन हातावर तोलायची, खूश व्हायची, काही विचारायची नाही. तो पोरगा ओसरीवर उड्या मारत असायचा आणि भिंतीपलीकडे एकदम सगळं शांत असायचं, काटकी मोडल्याचासुद्धा आवाज नाही.

ती सगळी देवळाकडे गेली, संध्याकाळच्या बसनं होसकोट्याला परतली, की तानूबाई भिंतीशी यायची. पोराची उंची विचारायची, सत्यवतीच्या अंगावर काही धरलंय का विचारायची. मग पदरानं हात पुसत विचारायची, "खाल्ली का तिनं?"

प्रायश्चित्ताची कोंबडी देणाऱ्यानं खायची नसते. ती सगळीच्या सगळी पुजाऱ्याच्या घरी जाते. ही रीत मला तानूबाईनंच सांगितली होती.

"खाल्ली," मी म्हणायची.

"रस्सा प्याली?"

"प्याली की."

"पोटभर?"

"पोटभर, अक्का."

"सरी," ती म्हणायची, आणि कोंबड्या झाकायला जायची.